सहावं नाव

बदनापूर
रविवार, १२ जानेवारी २०२५

सौ. सुरेखा हिस,

सलाम. तुमच्या नव्या प्रार्थनेच्या संगतीत सलाम म्हणत नाहीत, 'प्रभूची स्तुती' म्हणतात, हे मला माहीत आहे. पण आपल्या घरचं पत्र सलामानेच सुरू व्हायचं आणि या वयात माझ्याने ते बदलणार नाही. तुला चालत नसेल तर तेवढा शब्द खोडून पुढे वाच.

घाबरू नको, कुणी गेलेलं नाही. सात वर्षांनी सख्ख्या बहिणीचं पत्र आलं की माणसाचा हात आधी छातीवर जातो, म्हणून पहिल्यांदा हेच सांगितलं. पाकिटावरचा पत्ता मुद्दाम आयेशाकडून, म्हणजे शेजारच्या आमिनाभाभीच्या सुनेकडून, लिहून घेतला. माझं अक्षर पाहून तू पाकीट तसंच माळ्यावर टाकलं असतंस. बदनापूरहून हसनाबादला पत्र टाकतेय म्हटल्यावर पोस्टातला माणूससुद्धा मला म्हणाला, सिस्टर, एवढ्याला फोन लावा की. मी त्याला सांगितलं, फोनवर मी दुसऱ्याला बोलू देत नाही, असं माझ्या धाकट्या बहिणीचं म्हणणं आहे. पत्रात निदान मधे तोंड घालता येत नाही.

काम साधं आहे आणि खरं म्हणजे ते सोमेश्वररावांकडे आहे. त्यांचं मोबाइलचं दुकान अजून चालू आहे ना?

नाताळ झाल्यावर आमच्या पाळकीणबाईंनी, ताराबाईंनी, महिला मंडळाच्या ग्रुपवर प्रार्थनेचं एक ॲप पाठवलं. 'प्रार्थनासोबती' असं त्याचं नाव. त्यात आपण माणसांची नावं भरून ठेवायची. संध्याकाळी ठरवलेल्या वेळी फोनमध्ये घंटा होते, एक बाई शास्त्रातलं वचन वाचते आणि मग आपण भरलेलं एकेक नाव घेते. "आता आपण केदारसाठी प्रार्थना करू या." त्यानंतर अर्धं मिनिट पेटीचे मंद सूर. तेवढ्या वेळात आपल्याला देवाला जे सांगायचं ते सांगून टाकायचं, की पुढचं नाव. बाईचं मराठी इतकं शुद्ध आहे की पहिल्या दिवशी मी पदर सारखा करून बसले.

मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. हे गेल्याला बारा वर्षं झाली. बाबा होते तोवर घरात संध्याकाळची प्रार्थना होत होती. नंतर एकटीने ती कधी व्हायची, कधी टीव्हीपुढे राहून जायची. आता घंटा झाली की मी मुकाट्याने बसते. वॉर्डात तीस वर्षं घंटेवरच उठले-बसले, तीच सवय कामाला आली.

अडचण अशी की हे सगळं तीस दिवस फुकट. मी सहा तारखेला सुरू केलं, म्हणजे पाच फेब्रुवारीपर्यंत. त्यानंतर फुकटात पाचच नावं ठेवता येतात. जास्त हवी असतील तर वर्षाचे नऊशे नव्व्याण्णव रुपये.

यावरून महिला मंडळात केवढं रण माजलं म्हणून सांगू. देवाने पापातून तारण फुकट दिलं आणि प्रार्थनेला पैसे, हा कुठला न्याय, असं बायकांचं म्हणणं. ताराबाई शांत बाई आहेत. त्यांनी एवढंच विचारलं की गीतांचं पुस्तक तुम्हाला फुकट मिळालं होतं का, आणि तबलेवाल्याला नाताळात आपण जे देतो ते कशाचे देतो? घरी येऊन मी हे आमिनाभाभीला सांगितलं, तर ती म्हणाली, "अजान का कभी बिल आया क्या, सिस्टर?" तिचंही मला पटलं. दोघींचंही पटतं हीच पंचाईत आहे.

माझी पाच नावं म्हणजे माझा केदार, सूनबाई यशश्री, आपला गिरिधर, पाळकसाहेब आणि आमिनाभाभीचे गुडघे. सहावं एका जुन्या पेशंटचं आहे, तुझ्या ओळखीतलं नाही. ते ठेवायचं असेल तर पैसे भरावे लागतील. तेव्हा सोमेश्वररावांना विचारून कळव, हे ॲप खरं आहे की फसवाफसवी, आणि एकदा भरले की दर वर्षी आपोआप पैसे कापतात का?

एवढंच काम होतं. तब्येतीला जप.

दैवशाला

बदनापूर
शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

सुरेखा,

सलाम.

सोमेश्वररावांचा मेसेज मिळाला. ॲप बरोबर आहे, कार्ड जोडू नका, म्हणजे आपोआप काही कटणार नाही, असं त्यांनी लिहिलंय. शेवटी हात जोडल्याचं चित्र. त्यांना माझे आभार सांग. गडी पहिल्यापासून मुद्द्याचं बोलणारा आहे. तुझं मात्र त्यात एक अक्षर नव्हतं. मी मेसेज दोनदा खाली ओढून पाहिला.

रागावण्याचा मला हक्क नाही, कारण मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. जुना पेशंट वगैरे कुणी नाही. सहावं नाव तुझं आहे.

ते कसं आलं ते ऐक. पहिल्या दिवशी पाच नावं भरून झाल्यावर ॲपने विचारलं, आणखी कोणी? मी 'नाही' दाबायला गेले आणि अंगठ्याने तुझं नाव लिहिलं. प्रत्येक नावाखाली 'कारण' म्हणून एक रकाना असतो. केदारच्या खाली नोकरी लिहिलं, यशश्रीच्या खाली बाळंतपण, गिरिधरच्या खाली साखर. तुझ्याखाली काय लिहावं ते सुचेना. ताप असता तर ताप लिहिलं असतं. तो रकाना अजून कोराच आहे.

माझा राग गेलाय असं तू समजू नको. तुझ्या त्या दुसऱ्या बाप्तिस्म्याचं मला आजही दुखतं. तू दीड महिन्याची होतीस. बाबांनी तुला स्वतःच्या हातांवर घेऊन पाळकांपुढे धरलं होतं. पाणी डोक्याला लागल्यावर तू किंचाळलीस आणि सगळं देऊळ हसलं. मी आठ वर्षांची, मला सगळं आठवतं. आणि पंचेचाळिसाव्या वर्षी तू केदारखेड्याच्या नदीत कमरेइतक्या पाण्यात उतरून, डोकं बुडवून परत बाप्तिस्मा घेतलास. लहानपणचा धरत नाहीत म्हणालीस. मंडळीचे पंच असलेल्या माणसाच्या पोरीने म्हणायचं, बाबांनी दिलेला बाप्तिस्मा धरत नाहीत! देवळात दोन रविवार बाबा शेवटच्या बाकावर बसले. आपल्या जागेवर बसायची त्यांना लाज वाटत होती.

म्हणून घरच्या प्रार्थनेत तुझं नाव घेणं बंद झालं. तुलाही हे माहीत आहे.

तर त्या ॲपमधली बाई आता रोज तुझं नाव घेते. म्हणजे घ्यायला जाते. फोनवर खाली बाण असतो, तो दाबला की ते नाव सोडून ती पुढे जाते. पाचव्या नावाचे सूर संपत आले की माझं बोट आपोआप त्या बाणावर जातं. तुझं नाव मीच भरलं, आणि ते ऐकवत नाही म्हणून मीच पुसते. आता सांग, अशा बाईने नऊशे नव्व्याण्णव रुपये भरावेत का? मला पेन्शन आहे, पैशाला मी भीत नाही. पैसे भरायचे म्हणजे वर्षभर रोज संध्याकाळी हा तमाशा करायचा, त्याला भिते.

परवा आमिनाभाभी मेथी घेऊन आली आणि म्हणाली, "सिस्टर, वो मोबाइलवाली बाई पाँच नाम पूरे लेती. छठे पे 'सु' बोलती और चुप. मशीन बिगड़ी क्या?" आमच्या दोन घरांमधली भिंत एका विटेची आहे. तिच्याकडची फोडणी मला इकडे ठसकवते, आणि माझी प्रार्थना तिला तिकडे ऐकू जाते.

मी म्हटलं, हो, बिघाड आहे. ती आणखी काहीतरी म्हणाली. ते आज लिहीत नाही.

दैवशाला

बदनापूर
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

सुरेखा,

काल तीस दिवस संपले. संध्याकाळी घंटा झाली, बाईने वचन वाचलं, पाच नावं घेतली आणि संपलं. यादीत तुझ्या नावाच्या जागी कुलपाचं चित्र आलंय. मी काही दाबलं नाही, काही ठरवलं नाही, आणि तू गेलीस. खरं सांगते, मला हायसं वाटलं. चहा ठेवला, रात्री नीट जेवले. सकाळी उठले तर त्या हायसं वाटण्याचीच किळस आली. म्हणून आज डाळ शिजायला लावून आधी लिहायला बसले. हे पत्र मी फाडून टाकलं नाही आणि तुला मिळालं, तर ते शेवटपर्यंत वाच. मग माझं तोंड पाहायचं नसेल तर पाहू नको.

आमिनाभाभी त्या दिवशी जे पुढचं बोलली ते हे. मशीनमध्ये बिघाड आहे असं मी म्हटल्यावर ती दारातच थांबली. माझ्याकडे न बघता मेथीची जुडी सोडत म्हणाली, "चाचा के वक्त भी ऐसाच होता था." आणि घरी निघून गेली. बाबांना ती चाचाच म्हणायची.

बाबांचं शेवटचं दीड वर्ष तू पाहिलं नाहीस. मीच पाहू दिलं नाही. झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती, पण संध्याकाळची प्रार्थना त्यांनी कुणाला दिली नाही. घरात मोठा माणूस प्रार्थना करतो, बाकीचे आमेन म्हणतात, हा आपल्याकडचा रिवाज. शब्दाशब्दाला थांबत ते करायचे. आधी मंडळी, मग आजारी लोक, मग लेकरं, वयाच्या क्रमाने. आधी मी, मग गिरिधर. गिरिधर झाला की श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "आणि माझी धाकटी..."

तिथे मी आमेन म्हणायचे.

समजलं ना तुला? मोठ्याने, अगदी वॉर्डातल्या आवाजात. आमेन म्हटलं की प्रार्थना संपली. मग मी उठायचे, दिवा मोठा करायचे, त्यांची उशी सारखी करायचे. त्यांना 'सुरेखा' म्हणायला जो वेळ लागायचा तेवढ्यात माझं आमेन होऊन जायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा रागात केलं. पुढे सवय झाली. तू म्हणशील बाबा बोलले का नाहीत? ते नुसते माझ्याकडे बघायचे. खायला-प्यायला, कूस बदलायला, सगळ्याला मीच होते त्यांना. ज्याच्या हातून पाणी प्यायचं त्याच्याशी भांडणार कसं माणूस? हे मला तेव्हाही कळत होतं. पेशंटच्या डोळ्यांतलं कळणं हाच माझा धंदा होता.

तेव्हा बाबांनी तुझं नाव टाकलं नव्हतं. नदीची बातमी आली तेव्हा दोन महिने ते चिडले, शेवटच्या बाकावर बसले, तेवढं खरं. त्यानंतरचं सगळं माझं आहे.

आता सगळ्यात वाईट सांगते. जाण्याच्या आधीच्या आठवड्यात एके संध्याकाळी त्यांनी क्रम फिरवला. मंडळी नाही, आजारी नाही. डोळे मिटले आणि पहिलंच नाव तुझं घेतलं. सुरुवातीलाच आमेन म्हणता येत नाही. मी काय केलं असेल? उठून स्वयंपाकघरात गेले, भांडी वाजवायला. पण हातात घेतलेलं पातेलं मी वाजवलं नाही. धरून उभी राहिले. एरवी प्रार्थनेत बाबा कसे पुस्तकी बोलायचे तुला माहीत आहे. त्या दिवशी घरच्या बोलीत बोलले. म्हणाले, "देवा, माझी सुरेखा पाण्यात उतरली तवा तिचा हात कुनी धरल्ता, मला ठाऊक न्हाई. त्वाच धरला आसंल. आता सोडू नको."

एवढंच. मग गिरिधर, मग मी. मी बाहेर आले तेव्हा ते आमेनसाठी थांबलेले होते. मी म्हटलं. त्या दिवशी म्हटलं.

आणि मग कब्रस्तानात, माती टाकून झाल्यावर तू माझ्याजवळ आलीस. दोन वर्षांत पहिल्यांदा. हाताला माती तशीच होती. तू विचारलंस, "अक्का, बाबांनी माझं नाव घेतलं का गं?"

मी म्हणाले, "न्हाई. एकदाबी न्हाई."

तू पदराला हात पुसून सोमेश्वररावांच्या मागे गाडीवर बसलीस. मी पाहत राहिले. त्या वेळी मला जिंकल्यासारखं वाटलं होतं, हेही लिहूनच ठेवते.

आज पाच वर्षं सहा महिने ते वाक्य माझ्याकडे पडून आहे. ते तुझं होतं. देवाच्या आणि बाबांच्या मधलं, तुझ्यासाठीचं. मी मधेच उचलून ठेवलं. बायका भांडत होत्या प्रार्थनेला पैसे द्यावेत का म्हणून, आणि मी कोपऱ्यात गप्प बसले होते. मी तर फुकटातली प्रार्थना अडवली होती, मी कोणत्या तोंडाने बोलणार होते?

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. वाक्य पोचतं करते, तेवढं घे.

अक्का

बदनापूर
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुरेखा,

सलाम.

दोन आठवडे काही आलं नाही. दारावरून पोस्टमनची सायकल गेली की मी उगाच अंगण झाडत होते. मधे सोमेश्वररावांचा फोन आला. म्हणाले, "अक्का, पत्र वाचल्यापास्नं ती कुणासंगं बोलून न्हाई राह्यली. शाळेत कामाला जाती, येती, अन् न्हानीत जाऊन नळ सोडून बसती. तुम्ही आता काही लिहू नका." मी त्यांचं ऐकलं. मी कुणाचं तरी ऐकलं याची नोंद घे.

शुक्रवारी तुझं कार्ड आलं. साधं पोस्टकार्ड, उघडं, पोस्टमनने वाचलं असणारच. चार ओळी आहेत आणि त्या मला पाठ झाल्यात, तरी तुला परत लिहून दाखवते, कारण मी त्या बरोबर समजले का ते तुला कळायला हवं. "बाबांचं वाक्य मला कब्रस्तानात हवं होतं. मी पाच वर्षं रोज त्यांची माफी मागितली, ती कशाबद्दल मागितली? पैसे भरू नको. माझं नाव तुझ्या तोंडाने घे, मग बघू."

खाली सही नाही, सलाम नाही, काही नाही. पण 'मग बघू' आहे. मी ते दोन शब्द धरून बसलेय.

पैसे भरले नाहीत. ताराबाईंना सांगितलं की माझं मत विचाराल तर ॲप चांगलं आहे, ज्याला उपयोग होतो त्याने खुशाल पैसे भरावेत. माझी गरज निराळी आहे. त्यांनी कारण विचारलं नाही, नुसता माझा हात दाबला. फोनमधून ते काढून टाकलं.

तुझं नाव तोंडाने घ्यायचं म्हणजे काय, ते मला दोन दिवस जमलं नाही. पहिल्या दिवशी गिरिधरपर्यंत आले आणि खोकला आला. खोटा नव्हता, खरंच आला. दुसऱ्या दिवशी मनात घेतलं. पण तू तोंडाने म्हणालीस. तिसऱ्या दिवशी, म्हणजे आज, देवळातून आल्यापासून जेवले नाही. दुपारीच बसले, उजेडात, बाबांच्या पलंगाच्या जागेवर. त्यांच्यासारखाच क्रम उलटा धरला. आधी तुझं नाव घेतलं. मोठ्याने घेतलं, कारण हळू घेतलं असतं तर माझा माझ्यावरच विश्वास बसला नसता. सुरेखा म्हटलं. माझी धाकटी बहीण सुरेखा, तिचा हात मी सोडला, तू सोडू नको, म्हटलं. तुझ्या नदीबद्दल काही म्हटलं नाही. ते मला अजून पटलेलं नाही आणि देवाला खोटं सांगता येत नाही. मग बाकीची नावं घेतली. यशश्री, केदार, गिरिधर, पाळकसाहेब, भाभीचे गुडघे.

आणि शेवटाला आले तर आमेन म्हणता येईना. त्या शब्दाने मी तुझं काय केलंय ते आठवलं. तशीच डोळे मिटून बसून राहिले. शेवटी भिंतीपलीकडून आमिनाभाभीचा आवाज आला, "सिस्टर, हो गया क्या?"

मी म्हटलं, "न्हाई भाभी. बाकी है."

तेव्हा ही प्रार्थना अशी अर्धवट पडून आहे, आणि मी तिला हात लावणार नाही. येत्या रविवारी सकाळच्या जीपने ये. जेवायला थांबू नको वाटलं तर थांबू नको, माझ्याशी बोलू नको वाटलं तर बोलू नको. मी नावं घेईन. आमेन तू म्हण.

तुझी अक्का